तक्ता क्रमांक चारमधले एकतीस जॉबर

भिवंडीत जॉबर पैशाला पासरी मिळतील. पण पुण्याच्या संशोधन पत्रिकेनं स्वतःहून ज्याचं मत मागवलं असा जॉबर एकच, कोन गावचा बुद्धभूषण. जॉबर म्हणजे कोण, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कापड विणतो तो कारीगर, आणि लूम, म्हणजे यंत्रमाग, रुसली की तिची समजूत काढतो तो जॉबर. बुद्धभूषण तीस वर्षं हेच करत आला. हरेशशेठच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम. सगळ्या एकदम सुरू झाल्या की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मं हवेत जातं. असल्या कल्लोळात हा गडी दोन ओळींमधून आपला चालत जायचा आणि एका लूमपाशी थांबून म्हणायचा, "हिचा बोल्ट ढिला झालाय." पाना लावून बघावं, तर खरंच ढिला! कारीगर म्हणायचे, "भूषणदादा के कान नहीं, मशीन है मशीन."

हे ऐकून तो मनातून खूश व्हायचा. का नाही होणार? पण खरी गोष्ट अशी होती की त्याला ऐकू येत नव्हतं.

सहा वर्षं झाली होती. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा निम्मा. घरात कुणी बोललं की हा पंख्यावर खापर फोडायचा, फोनवर नेटवर्कवर, आणि बाकी सगळं "आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात" यावर. शेठला कळलं तर संपलंच. बहिरा जॉबर कोण ठेवील? आणि गंमत बघा, माणसांचं बोलणं हरवत चाललं तरी लूमचा बिघाड त्याला अजून बरोबर ऐकू यायचा. म्हणजे त्याला तसं वाटायचं. असं कसं, हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नाही. विचारायची भीती वाटायची, दुसरं काय!

वाचायची मात्र त्याला जबर खोड. कामगार संघटनेच्या कचेरीत पुण्याहून 'श्रमस्वास्थ्य' नावाचं संशोधन त्रैमासिक यायचं आणि न उघडताच कपाटावर चढायचं. हा ते घरी न्यायचा. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एका लेखात कुणा विद्वानानं साध्या लूमचा वेग आहे त्याच्या अडीचपट लिहिला होता. बुद्धभूषणनं चार पानी पत्र धाडलं, की एवढं पळवलं तर शटल, म्हणजे धोटा, उडून भिंतीत घुसेल आणि तुमचे विद्वान दवाखान्यात. बायको वनिता म्हणाली, "अवो, तुम्हाला कुनी इचारलंय का?" विचारलं कुणीच नव्हतं. पण पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली, आणि तिथल्या संपादकांनी हे नाव लक्षात ठेवलं.

गेल्या जानेवारीत त्याच संपादकांचा, डॉ. सोहोनींचा, फोन आला. बुद्धभूषणनं तो मुलीच्या, रियाच्या, हातात देऊन स्पीकरवर लावायला सांगितला. नेटवर्क खराब होतं ना!

"आमच्याकडे एक लेख आलाय," सोहोनी म्हणाले. "लूमचा आवाज आणि जॉबरांचे कान. तुम्ही परीक्षक व्हाल का?"

"मी? साहेब, मी बारावी नापास हाय."

"असू द्या. कुठलाही लेख छापायच्या आधी आम्ही तिघांना वाचायला देतो. दोघं त्या विषयातले शिकलेले, तिसरा ते काम करणारा. तिसरी खुर्ची दर वेळी रिकामी राहते. माणूसच सापडत नाही हो."

आठवड्यानं लेख आला, बावीस पानं. बुद्धभूषणनं पहिलं पान उलटसुलट करून पाहिलं. लेखकाचं नाव कुठंच नाही. त्याला वाटलं, छापताना राहिलं असेल. पुन्हा फोन.

"राहिलं नाही, काढलंय," सोहोनी हसले. "लेख कुणाचा हे तुम्हाला कळायचं नाही आणि तपासला कुणी हे लेखकाला कळायचं नाही. नाव दिसलं की माणूस एक तर दबतो नाही तर चढतो. तुम्ही फक्त मजकूर बघा. आणि हो, छापून येईपर्यंत लेख कुणाला दाखवायचा नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही."

"मुलगी टाइप करंल. चालंल ना?"

"चालेल. तिचं नाव मला कळवून ठेवा. मग तिच्याही तोंडाला कुलूप."

रियाला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला, या कुलपाचं फार अप्रूप वाटलं. बापलेक दार ओढून घेऊन बसायचे, आणि वनिता बाहेरून म्हणायची, "काय बाँब बनवताय का दोघं?"

लेख बरा होता. आवाज कुठं किती, तो मोजला कसा, कानाच्या आत काय होतं, सगळं नीट समजावलेलं. बुद्धभूषण मान डोलवत वाचत होता. मग आला तक्ता क्रमांक चार. वीस वर्षांहून जास्त काम केलेल्या चाळीस जॉबरांना विचारलं होतं, 'लूममधला बिघाड तुम्हाला ऐकू येतो का?' अडतीस जण हो म्हणाले. मग यंत्रावर त्यांचे कान तपासले. त्या अडतीसांपैकी एकतिसांना तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि खाली लेखकाचा निष्कर्ष: 'या एकतीस जणांनी नोकरी जाण्याच्या भीतीने खोटी माहिती दिली. कामगारांच्या सांगण्यावर विसंबून राहता येत नाही.'

बुद्धभूषणचं डोकं सणकलं. खोटी? एकतीस जण एका सुरात खोटं बोलले? तीस-तीस वर्षं ज्यांच्या जिवावर शेडा चालल्या, ते खोटारडे? हे एकदा छापलं की संपलं. उद्या कुणी जॉबर म्हणाला, शेठ, हात दुखतो, छातीत भरतं, तर समोरचा म्हणणार, तुम्हा लोकांचं काय खरं धरायचं, पुस्तकातच लिहिलंय. आणि हा स्वतः तर त्या यादीतला बत्तिसावा! त्यानं रियाला तिथल्या तिथं टाइप करायला लावलं: 'तक्ता चार साफ चूक आहे. लेखकाला लूम कळत नाही. लेख परत पाठवा.'

दोन दिवसांनी ते टिपण संपादकांकडूनच परत आलं. 'राग पोचला,' सोहोनींनी लिहिलं होतं. 'पण पुरावा लेखकाकडे मागतो तसा आम्ही परीक्षकाकडेही मागतो. चूक आहे म्हणता, तर कशी ते दाखवा. लेखकाला त्यातून काही सुधारता आलं पाहिजे.'

आता आली का पंचाईत! बुद्धभूषण दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी मात्र राग ओसरला आणि त्याच्या जागी किडा वळवळायला लागला. लेखकाच्या यंत्रात खोट नसेल, आणि जॉबरही खरं बोलत असतील, तर मग हे घडतंय काय?

त्यानं रामूला गाठलं. रामू जौनपूरकडचा, दहा वर्षं याच शेडमध्ये कारीगर. "रामू, मैं पीठ फिराता हूँ. किसी भी एक लूम का बोल्ट ढीला कर. कौनसी, वो बोलना मत."

"दादा, तबियत तो ठीक है ना?"

तब्येत ठीक होती. बुद्धभूषण ओळीतून चालत गेला आणि तिसऱ्या मिनिटाला अकरा नंबरपाशी थांबला. बरोबर. आता त्यानं दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून टॉवेल गुंडाळला आणि रामूला खूण केली. पुन्हा चालला. चाळीस नंबर. पुन्हा बरोबर! रामूनं टाळ्या पिटल्या.

बुद्धभूषणनं मात्र टॉवेल सोडला, कापूस काढला. कान बंद करूनही बिघाड सापडत असेल, तर इतकी वर्षं आपण ऐकत होतो ते कशानं? तो पुन्हा ओळीतून निघाला, पण या वेळी लूमकडे न बघता स्वतःकडे बघत. तेव्हा त्याला दिसलं. त्याचा डावा हात, कुणी न सांगता, प्रत्येक लूमच्या सांगाड्यावर टेकत होता. टेकला न टेकला की उचलला, पुढच्या लूमवर. तीस वर्षांत त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. रामूनं आणखी एक बोल्ट ढिला केला. बुद्धभूषण एकदा गेला, दोनदा गेला. अठ्ठेचाळीस लूम नुसत्या गदागदा हलत होत्या आणि त्याला कशातलं काही कळत नव्हतं. शेवटी रामूनंच बोट दाखवलं, एकोणीस नंबर.

बाप रे! त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्याच दमात हसूही येत होतं. कान गेले ते गेलेच, आता पंख्यावर खापर फोडायची सोय उरली नव्हती. पण हाताला ऐकू येत होतं! हे कुठल्या पुस्तकात होतं? पुढचे पंधरा दिवस तो दुसऱ्या शेडमधल्या जॉबरांचे हात बघत हिंडला. शेजारचा बाळाराम तर साठीला आलेला, त्याचा हात लूमवरून हटतच नव्हता.

"बाळारामदादा, बिघाड कसा कळतो तुला?" यानं विचारलं.

"कसा म्हंजे? आयकू येतं," बाळाराम म्हणाला. "तुला नाय का येत?"

बाळाराम खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडाकडे बघून लहान पोरानंही सांगितलं असतं. त्याला खरोखरच वाटत होतं की आपल्याला ऐकू येतं.

मग बुद्धभूषणनं टिपण सांगितलं आणि रियानं टाइप केलं. 'लेखकाचं यंत्र बरोबर आहे. जॉबरही खरं बोलले. चुकला तो प्रश्न. बिघाड ऐकू येतो का, असं विचारलं. बिघाड कसा कळतो, असं विचारायला हवं होतं. प्रस्तुत परीक्षकाला सहा वर्षं एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने...'

रियाचे हात थांबले. तिनं बापाकडे पाहिलं. "पप्पा, हे खरं हाय?"

"टाइप कर. नाव न्हाय ना लागत?"

नाव लागत नव्हतं, म्हणून तर ते बाहेर आलं. बायकोला सांगितलं नाही, शेठला नाही, डॉक्टरला नाही. आणि पुण्यातल्या कुणा न पाहिलेल्या माणसाला सांगून त्याला केवढं हलकं वाटलं! शेवटी त्यानं लिहवलं, 'लेखकाने जॉबरांना जाड हातमोजे घालून चाचणी घ्यावी. तोवर खोटं हा शब्द छापू नये.'

दोन महिन्यांनी तिन्ही परीक्षकांची मतं आणि त्यांवर लेखकाचं उत्तर, असं बाड आलं. पहिल्या परीक्षकाला आकडेमोड पटली नव्हती. दुसऱ्यानं आणखी नऊ जुने लेख वाचायला सांगितले होते, त्यांतले सात एकाच माणसाचे. "ते सात लिहिनारा म्हंजे हा परीक्षकच असनार," रिया फिसकन हसली. लेखकानं प्रत्येक मुद्द्याला नंबर टाकून नम्रपणे उत्तर दिलं होतं. बुद्धभूषणनं थेट तिसऱ्यावर उडी मारली.

'परीक्षक क्रमांक तीन यांचं निरीक्षण वाचून मी थक्क झाले. हे मला सुचलंच नव्हतं. मी हातमोजे घेऊन अकरा जॉबरांकडे गेले. एकानेही ते घातले नाहीत. नाव माहीत नसलेल्या परीक्षकाचा अनुभव मला पुरावा म्हणून देता येत नाही. म्हणून "खोटी माहिती" हा शब्द काढून "विसंगत माहिती" असा केला आहे. परंतु कामगारांच्या सांगण्यावर विसंबून राहता येत नाही, हा निष्कर्ष पुराव्याअभावी तसाच ठेवावा लागत आहे.'

"बाई हाय लेखक," रिया म्हणाली.

बुद्धभूषणचं तिकडे लक्ष नव्हतं. अकरांनी का नाही घातले, ते त्याला लख्ख कळत होतं. शेठच्या डोळ्यांदेखत मोजे घालायचे, चुकायचं, आणि बहिरा म्हणून बाहेर पडायचं. कोण करील? तो स्वतः तरी कुठं करणार होता! आणि तरी ते वाक्य छापलं जाणार होतं. नुसतं सोवळं नेसवलेलं, पण तेच.

त्यानं सोहोनींना फोन लावला. "मी घालतो मोजे."

सोहोनी स्पीकरवरून सावकाश म्हणाले, "बुद्धभूषण, ज्या लेखाचा निकाल द्यायचा त्याच लेखात पुरावा व्हायचं, हे दोन्ही जमत नाही. परीक्षकाची खुर्ची सोडावी लागेल. वर्षाच्या शेवटी परीक्षकांची यादी छापतो, तीत तुमचं नाव येणार नाही. आणि झाकलेलंही काही राहणार नाही. लेखिकेला कळेल, शेडमध्ये कळेल. आठवडाभर विचार करा."

आठवडा कसला, दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यानं विषय काढला. वनिता त्याच्या डाव्या हाताला बसून भाकरी मोडत होती. "मला कानानं ऐकू येत न्हाय," तो म्हणाला.

"म्हायती हाय. सहा वर्षं मी हिकडच्या बाजूला कशाला बसते मग?" ती म्हणाली. "पन आज बोलताय कसं?"

"चारचौघांत बोलावं लागनार हाय. म्हनून आधी तुला."

तिनं कारण विचारलं नाही. कुलपाची तिला सवय झाली होती. "शेठनी काढलं तर?"

"काढलं तर काढलं," तो म्हणाला, पण मनातला हिशेब काही सुटेना. मुलीचं कॉलेज होतं, आणि बावन्नाव्या वर्षी दुसरं काम शिकवतो कोण? तरी त्यानं त्याच दिवशी सोहोनींना कळवून टाकलं. त्यांनी त्याची परवानगी घेऊन लेखिकेला नाव सांगितलं, आणि त्याच्या जागी परीक्षक म्हणून इचलकरंजीचा दुसरा जॉबर शोधायला ते लागले.

मंगळवारी सकाळी लेखिका शेडवर आली. डॉ. रीमा, कल्याणची कानांची डॉक्टर, तिशीची, खांद्यावरच्या पिशवीत स्पंज भरून शिवलेले जाडजूड हातमोजे. हरेशशेठनं परवानगी दिली होती, पण स्वतः दारात हाताची घडी घालून उभा. बाळाराम आणि आजूबाजूच्या शेडमधले पाच-सहा जॉबर तमाशा बघायला आले होते. लूम सुरू करण्याआधी रीमा त्या सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी एका लेखात लिहिलंय की भिवंडीचे जॉबर ऐकू येतं म्हणून खोटं सांगतात," ती म्हणाली. "माझं चुकलं असेल. ते तपासायला आलेय."

जॉबरांत कुजबुज झाली. बाळारामचा चेहरा एवढासा झाला. त्याचेही कान हिनंच तपासले होते, पण निकाल त्याला कुणी सांगितला नव्हता.

लूम सुरू झाल्या. रामूनं बोल्ट ढिला केला. बुद्धभूषण उघड्या हातांनी निघाला आणि दोन मिनिटांत सहा नंबर दाखवला. मग त्यानं पाठ फिरवून मोजे चढवले, तोवर रामूनं सहाचा बोल्ट आवळून दुसऱ्या लूमचा ढिला केला. एक फेरी. दुसरी फेरी. तो पंधरा नंबरपाशी थांबला, घुटमळला, बोट दाखवलं. चूक. पुन्हा प्रयत्न, तेहतीस. चूक. मागे कुणीतरी हसलं, ते त्याला ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानं मोजे काढले, पुन्हा निघाला आणि सव्वीस नंबरवर हात ठेवून उभा राहिला. रामूनं वर बघून मान हलवली. बरोबर. रीमानं हे पाच वेळा करवून घेतलं. पाचही वेळा मोज्यांनी चूक, हातानं बरोबर.

हरेशशेठ दारातून चालत आला. तो तोंडाशी तोंड नेऊन ओरडला, "भूषण, तुला ऐकू येत नाय?"

"न्हाय शेठ. सहा वर्षं झाली."

शेठ त्याच्याकडे बघत राहिला, मग शेवटच्या फेरीतल्या, त्याचा हात अजून होता त्या लूमकडे. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं आपला पंजा सांगाड्यावर बुद्धभूषणच्या पंजाशेजारी टेकवला, डोळे मिटले, आणि जरा वेळानं मान हलवली. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्यानं हात खाली घेतला आणि रामूच्या कानाशी ओरडून सांगितलं, की बोल्ट आवळून घे आणि भूषणला एकदा दाखव, तो ठीक म्हणाला की मगच कापड विणायला घे.

तेवढ्यात बाळाराम पुढे आला. तो स्वतःच्या तळहाताकडे असा बघत होता, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "म्हंजे मना पन आयकू येत नाय...?" तो बुद्धभूषणला म्हणाला. बुद्धभूषणनं त्याच्या ओठांवरून ते ओळखलं आणि रीमाच्या हातातल्या मोज्यांकडे बघितलं.

"दे गो बाय, ते मोजे हिकडं," बाळाराम रीमाला म्हणाला.

त्यानं पाठ फिरवून मोजे चढवले, रामूनं पुन्हा एका लूमचा बोल्ट ढिला केला, आणि बाळाराम ओळीतून निघाला. सावकाश चालत, प्रत्येक लूमवर जाडा पंजा टेकवत. शेवटच्या लूमपर्यंत गेला. कुठंही थांबला नाही. तसाच उलट फिरून परत आला, तरी कुठं थांबला नाही. मोजे काढून त्यानं ते रीमाच्या हातात दिले तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तो तिच्या वहीवर बोट ठेवून मोठ्यानं ओरडला, इतकं मोठ्यानं की त्या कल्लोळातही सगळ्यांना कळलं.

"लिव माझा नाव. बाळाराम. भयरा लिव. पन खोटारडा नको लिवू."